दोन बोटांत मावेल तेवढंच

त्या डॉक्टरांनी माझा चाळीस खुर्च्यांचा सौदा मोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहावं लागणार आहे, आणि मी ते विसरलो असं कुणाला वाटायला नको. मी विसरत नाही. तरुणपणी ज्या वखारीत मी लाकडं वाहायचो, तिथल्या मालकानं पहिल्याच दिवशी मला ‘ए’ म्हणून हाक मारली होती. त्याला तीस वर्षं झाली. तेही माझ्या लक्षात आहे.

डॉक्टर आता पुण्यात नसतात. दवाखाना बंद करून नाशिकला मुलीकडे राहायला गेले. कसबा पेठेतून जाताना मी अजून मान वर करून त्या बंद खिडक्या बघतो. होते ते दातांचेच डॉक्टर, पण दात उपटून घ्यायला कुणी आलं तर त्याला ते समोरच्या गल्लीतला दवाखाना दाखवायचे. म्हणायचे, “दात काय, बत्तीस असतात. जबड्याचे सांधे दोनच.”

माझा धंदा जुन्या फर्निचरचा. हडपसरला गोदाम आहे, दोन टेम्पो आहेत, आणि हे सगळं मी तोंडाच्या जोरावर उभं केलंय. बापानं काही ठेवलं नव्हतं आणि शाळेनं फार काही दिलं नव्हतं. घेताना वस्तूला नावं ठेवायची आणि विकताना तिचं कौतुक करायचं, एवढी एकच विद्या मला येते. तेव्हा तोंडच बंद पडलं तर माझं काय होईल, हे तुम्हीच बघा.

माझ्या बाबतीत ते बंद पडलं नाही, उघडं पडलं. एका टेम्पोवाल्याशी भाड्यावरून वाद चालला होता. मी आवाज चढवला, कानापुढे काहीतरी सटकलं आणि अर्ध्या वाक्यात तोंड जे उघडं राहिलं ते मिटेचना. टेम्पोवाल्याला वाटलं, त्याचा आकडा ऐकून मी आ वासलाय. त्यानं आपणहून भाडं कमी केलं. हॉस्पिटलात नेऊन जबडा बसवला, त्याच टेम्पोतून, कमी केलेल्या भाड्यात.

दुसऱ्यांदा ते भाच्याच्या लग्नानंतर, वलीम्याच्या जेवणात झालं, तीनशे पाहुण्यांसमोर, साध्या जांभईनं. मग मात्र मोठ्या हॉस्पिटलातले सर्जन म्हणाले, “तिसऱ्यांदा निखळला तर ऑपरेशन. त्यानंतर काही आठवडे वरचे-खालचे दात तारेनं बांधून ठेवावे लागतील.” काही आठवडे! इतक्या दिवसांत हडपसरमधले बाकीचे जुने फर्निचरवाले माझं गोदाम चाटून-पुसून स्वच्छ करतील. शिवाय रोजचं दुखणं होतंच. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असायचा, कानापुढे ठणका लागायचा आणि जेवताना डाव्या बाजूला असा कट् आवाज यायचा की शेजारी बसलेला माणूस आपल्या ताटात खडा शोधायचा.

एका निवृत्त मास्तरांना मी कपाट विकलं होतं. त्यांनी या डॉक्टरांचं नाव सुचवलं. म्हणाले, “विक्षिप्त आहेत, पण तुमचं जमेल.” हे कौतुक होतं की काय, मी विचारलं नाही.

लाकडी जिना चढून वर गेलो. एक्स-रे, एमआरआय, सगळी पिशवी पुढे केली. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली आणि मला एक केळं दिलं.

“खा.”

“भूक नाही, डॉक्टर.”

“भूक विचारली नाही. खा म्हटलं.”

मी केळं खाल्लं. सत्तरीचा तो किरकोळ माणूस समोर स्टुलावर बसून, मान वाकडी करून, माझ्याकडे असा बघत होता जसा मी जुन्या सागवानाकडे बघतो. केळं संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कुणाशी भांडता?”

“धंदाच भांडणाचा आहे.”

“धंदा नाही विचारला, शेठ. कुणाशी, ते विचारलं.”

मी उत्तर देणार, तेवढ्यात त्यांनी दोन्ही अंगठे माझ्या तोंडात घातले. ही त्यांची जन्माची खोड. प्रश्न विचारायचे, लगेच तोंडात काहीतरी घालायचे आणि उत्तर स्वतःच द्यायचे. “पान खाता? खाता. सोडा. मटणाची नळी फोडता दातांनी? फोडता. बंद. खिमा चालेल, पण दोनदा शिजवून.” डॉक्टर शुद्ध शाकाहारी होते, पण खिमा किती शिजवावा हे त्यांना माझ्या बायकोपेक्षा बारकाईनं माहीत होतं. भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही, पण त्या खुर्चीत मी एकही वाद जिंकलो नाही. तोंडात दुसऱ्याची बोटं असताना कोण जिंकणार?

मग त्यांनी माझीच दोन बोटं एकावर एक ठेवून माझ्या दातांमध्ये उभी केली. “एवढंच उघडायचं. सहा महिने. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची. वडापाव चिरून खायचा. आणि बोलायचं ते दोन बोटांत मावेल तेवढंच.”

“तीन करा, डॉक्टर.”

“दोन.”

“अडीच. तुमचं राहू द्या, माझं राहू द्या.”

“दोन. हा सांधा आहे, शेठ, सोफासेट नाही.”

रात्री दातांवर घालायला त्यांनी एक पारदर्शक पट्टी करून दिली. मी झोपेत दात आवळतो म्हणे. आठवड्यानं ती पट्टी उजेडात धरून ते तिच्यावरचे ओरखडे वाचायचे. “मंगळवारी जड गेलेलं दिसतंय,” म्हणायचे. वार कसा कळायचा ते कळलं नाही. पण मंगळवारी खरोखरच एका दलालाशी माझं वाजलेलं असायचं.

दवाखान्याच्या खाली तांब्याची भांडी घडवणाऱ्याचं दुकान होतं. दिवसभर ठोके चालायचे. नवीन माणूस वैतागायचा, पण डॉक्टरांनी त्या ठोक्यांवरच जबड्याचा व्यायाम बसवला होता. बाहेरच्या बाकावर आम्ही चार-पाच जण बसायचो. जीभ टाळूला लावायची, एका ठोक्याला तोंड उघडायचं, पुढच्याला मिटायचं. एकदा तो कारागीर मध्येच चहा प्यायला थांबला. आम्ही पाचही जण तोंड उघडं ठेवून बसून राहिलो. डॉक्टर दारात आले, आमच्याकडे बघितलं आणि खिडकीतून खाली ओरडले, “अहो, चहा नंतर प्या! वर माणसं लटकलीयत!”

पण सगळ्यात मोठा उपाय म्हणजे टिकल्या. बायका कपाळाला लावतात त्याच. नियम असा की ओठ मिटलेले असावेत, पण दात एकमेकांना टेकू नयेत. आपले दात टेकलेत हे माणसाला कळतच नाही, म्हणून जिथे जिथे राग येतो तिथे टिकली चिकटवायची. ती दिसली की दात सोडायचे आणि खांदे खाली टाकायचे. आमच्या घरात टिकली कुणी लावत नाही. त्यामुळे तुळशीबागेत जाऊन पाकीट घ्यायची वेळ माझ्यावर आली. दोन बोटांच्या अटीत मी हळूच विचारलं, “केवढ्याला?” दुकानातली बाई म्हणाली, “अहो, लाजता काय? लाल न्या. बायकोला आवडेल.” आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता वस्तू घेतली.

फोनवर, स्कूटरच्या आरशावर, गोदामाच्या दारावर, वजनकाट्यावर, सगळीकडे लाल टिकल्या लागल्या. चौथ्या दिवशी बायकोला माझ्या शर्टाच्या बाहीवर एक सापडली.

“ये किसकी है?” तिनं विचारलं.

“डॉक्टरची.”

माझ्या आवाजात जेवढा प्रामाणिकपणा होता तेवढा कमी पडला. तिनं माझाच फोन उचलून डॉक्टरांना लावला. पलीकडून ते शांतपणे म्हणाले, “हो बाई, ती माझीच आहे. आणखी चौदा असतील, शोधा.” त्या दिवसापासून बायकोचा त्यांच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास बसला. तिला खिमा दोनदा शिजवावा लागायचा, तरीसुद्धा.

दोन महिने गेले तरी पट्टीवरचे ओरखडे कमी होईनात. डॉक्टर म्हणाले, “गुरुवारी दवाखाना बंद असतो. तुमच्या दुकानात येतो.”

“खुर्ची हवीय का?”

“जबडा बघायचाय. इथे तुम्ही शहाण्यासारखे बसता. मला धंद्यावरचा जबडा बघायचाय.”

आणि आले. बसनं आले. डबा, पाण्याची बाटली आणि एक वही घेऊन. गोदामात दाराजवळ माझी एक शिसवी खुर्ची आहे, ती मी विकत नाही. नेमके तिच्यावर जाऊन बसले आणि मांडीवर वही उघडली. पांढरे केस, कडक इस्त्रीचा शर्ट आणि दुकानातली सगळ्यात चांगली खुर्ची. आत येणारा प्रत्येक जण आधी त्यांनाच नमस्कार करायचा.

सकाळी एका कंपनीचा माणूस चाळीस खुर्च्या घेऊन आला. त्यांचं ऑफिस बंद होत होतं. मी एक खुर्ची उलटी केली आणि दोन बोटांच्या अटीत सुरू केलं, “साहेब, या खुर्च्या आहेत की सांगाडे? चाकं गेलीत, गाद्या बसल्यात. भंगारवालाही उचलणार नाही.” अर्ध्या तासात खुर्च्या माझ्या झाल्या. त्यानंतर दोन तास कुणी फिरकलं नाही. डॉक्टरांनी डबा खाल्ला. मी गल्ल्यामागे गप्प बसून राहिलो.

दुपारी एक बाई आल्या. सदाशिव पेठेत अभ्यासिका काढत होत्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी. त्यांना बरोबर चाळीस खुर्च्या हव्या होत्या! असा योग धंद्यात वर्षा-दोन वर्षांतून एकदा येतो. मी खुर्ची सरळ केली. “मॅडम, असा माल आता बनत नाही. यावर बसून इंजिनिअरांनी कामं केलीत. चाक बघा, लोण्यासारखं फिरतं.” बाई पक्क्या होत्या, पण मीही पक्का. भाव ठरत आला. त्यांनी पर्स उघडली. आणि मग, काय सुचलं कोण जाणे, त्या डॉक्टरांकडे वळल्या.

“काका, तुम्ही यांच्यातले वडीलधारे दिसता. मुलांना बारा-बारा तास बसायचंय हो. खरं सांगा, खुर्च्या कशा आहेत?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “सकाळी हे म्हणत होते, भंगारवालाही उचलणार नाही. आता म्हणतायत, लोण्यासारख्या आहेत. मी खुर्च्या पाहिल्याच नाहीत. दोन्ही वेळा यांचा जबडा बघत होतो. दोन्ही वेळा उत्तम चालला.”

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्या जबड्याकडे पाहिलं. पर्स मिटली. “बरं, येते मी,” म्हणाल्या. पुण्यात ‘येते मी’ म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येणार नाही. तोंड आपोआप उघडायला लागलं. एक बोट, दोन बोटं, आणि डावा सांधा पुढे सरकतोय हे मला आतून जाणवलं. तीच सटकण्याची जागा, तेच थंड वाटणं. तिसरी वेळ, म्हणजे ऑपरेशन. मला सगळं कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. तेवढ्यात शिसवी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो सत्तर वर्षांचा माणूस खुर्च्यांवरून वाट काढत धावला, एक पंजा माझ्या हनुवटीखाली लावला, दुसरा डोक्यावर, आणि मला पेटीसारखं मिटवलं.

“दोन बोटं, शेठ! दोन बोटं!”

बाहेर एक रिक्षावाला रिक्षा थांबवून बघत होता. डॉक्टरांच्या दोन्ही पंजांमध्ये अडकलेलं डोकं घेऊन मी हळू आवाजात म्हणालो, “तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात.”

“हं. आणखी?”

“आणखी मावत नाही.”

त्यांनी पंजे काढले. सांधा जागेवर होता. माफी मागतील असं मला वाटलं. त्यांनी वही दाखवली. दिवसभरात मी दात आवळले की ते एक रेघ मारत होते. सकाळी कंपनीच्या माणसाशी घासाघीस चालली होती, तिथे कोरं पान. दुपारी बाईंशी, तिथेही कोरं. मधले दोन तास, जेव्हा दुकानात कुणी नव्हतं आणि मी गप्प बसलो होतो, ते पान रेघांनी भरलेलं.

“भांडताना तुमचा जबडा मोकळा असतो,” डॉक्टर म्हणाले. “गप्प बसलात की आवळता. काय चाललं होतं मनात?”

मला खोटं सुचेना. “वखारीचा मालक. मला ‘ए’ म्हणाला होता.”

“कधी?”

“तीस वर्षं झाली.”

“आणि तुम्ही त्याला अजून चावताय?”

खरं तर एकटा असलो की मी सगळी जुनी भांडणं पुन्हा भांडतो आणि या वेळी जिंकतो. ते बायकोलाही माहीत नव्हतं.

“म्हणजे मी बरोबरच होतो ना?” मी म्हणालो. “धंद्याचा दोष नाही!”

“डबा धुवायला पाणी कुठे आहे?” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सगळ्या टिकल्या काढायला लावल्या आणि गल्ल्यामागच्या, मी एकटा बसतो त्या जागेभोवती लावल्या. नवीन उपाय असा की मनातली भांडणं मनात ठेवायची नाहीत. कुणासमोर तरी मोठ्यानं बोलायची. मात्र हळू, दोन बोटांत. मी संध्याकाळी बायकोसमोर बसायला लागलो. पहिले दोन दिवस तिनं तांदूळ निवडत ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बस करो, मेरे को सब याद हो गया.” चौथ्या दिवशी तिनं वखारीच्या मालकाची बाजू घेतली. म्हणाली, त्या वयात तुम्ही दिसतच ‘ए’सारखे असाल. मी हसलो. तो मालक त्या दिवशी माझ्या जबड्यातून गेला, असं पट्टी बघून डॉक्टर म्हणाले. त्याच्यामागून एक दलाल गेला, दोन साडू गेले आणि माझ्या आधीच्या गोदामाचा मालक गेला. सकाळचा ठणका उतरला. खिमा एकदाच शिजायला लागला.

सहा महिने भरले. सर्जननी जबडा तपासायला पुन्हा बोलावलं होतं आणि त्याआधी डॉक्टरांचं पत्र हवं होतं. त्यात ‘ऑपरेशनची गरज नाही’ असं आलं तर मी सुटलो. त्यांनी दोन्हीकडे दाबून बघितलं, मान हलवली आणि डाव्या बाजूला थांबले.

“उजवा सुटला. डाव्यानं अजून कुणाला तरी धरून ठेवलंय. कोण राहिलं?”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

“शेठ, पत्र लिहायचंय. कोण?”

“तुम्ही.”

“मी? मी काय केलं?”

“खुर्च्या.”

“कोणत्या खुर्च्या?”

विसरले होते! मी चार महिने ज्या माणसाला रोज दातांखाली धरून बसलो होतो, तो माणूस साफ विसरला होता. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. हे बघून डॉक्टर एकदम खूश झाले. स्टूल ओढून माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि आपल्या दोन्ही करंगळ्या माझ्या दोन्ही कानांत घातल्या. सांध्याची हालचाल तिथून आतून कळते म्हणे.

“आता बोला,” ओठांवरून मला कळलं. “हवं तेवढं तोंड उघडा. आज बोटांची अट नाही.”

“निखळलं तर?”

“तर पत्रात तसं लिहीन. मला खरं काय ते कळायला हवं.”

मी बोललो. सहा महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण आवाजात बोललो. कान बंद असल्यामुळे माझा आवाज मलाच हंड्यात बोलल्यासारखा ऐकू येत होता, म्हणून मी आणखी जोरात बोललो. म्हणालो, माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीवर बसून, तुम्ही माझं गिऱ्हाईक घालवलंत! वर्षातून एकदा येतो असा सौदा! कुणी विचारलं होतं तुम्हाला? बरं, तिनं विचारलं, पण उत्तर द्यायलाच हवं होतं का? पुण्यात लोक एरवी पत्ता विचारला तरी सांगत नाहीत! मी हमाली करून वर आलोय, मला कुणी फुकट काही दिलं नाही, आणि तुम्ही माफी तर सोडाच, मी बरोबर होतो एवढंसुद्धा म्हणाला नाहीत! वर पाणी मागितलंत डबा धुवायला!

बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट दारात येऊन उभे राहिले होते. मी थांबलो. तोंड मिटलं. आपलं आपण मिटलं. डॉक्टरांचे ओठ हलले.

“काय?”

त्यांनी करंगळ्या काढल्या. “म्हटलं, एकदाही वाजला नाही. डावासुद्धा नाही.”

ते टेबलाशी गेले आणि पत्र लिहायला बसले. मी खुर्चीतच होतो, घामानं भिजलेला. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

“खुर्च्या खरंच चांगल्या होत्या का हो?”

“एकदम चांगल्या होत्या,” मी म्हणालो.

“मग त्या दिवशी सकाळी तसं का नाही म्हणालात?” त्यांनी विचारलं आणि पत्रावर सही केली.

मी तोंड उघडलं. चांगलं तीन बोटं मावतील एवढं उघडलं. कुठे दुखलं नाही, कुठे अडकलं नाही, आणि बोलायला काही सापडलं नाही.